भावाच्या जागेवरचं रक्त

जनावरांच्या डॉक्टरबरोबर मी पेपर लिहिणार आहे हे कळल्यावर आमच्या विभागात बरेच दिवस चहाबरोबर तोच विषय होता. "मॅडम आता म्हशीची नाडी बघणार," असं एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मला स्टेथोस्कोपची नळी लांब करून घ्यायला सांगितलं. नव्वदीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी सांगलीत विश्रामबागेजवळच्या एका मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते आणि तिथल्या पेशंटच्या रक्ततपासण्या बघत होते. आमच्याकडे पेपर लिहायचा तो पुण्या-मुंबईच्या मोठ्या माणसाच्या सावलीत, आणि पहिलं नाव विभागप्रमुखांचं घालायचं, त्यांनी परीक्षानळी हातात धरलेली असो वा नसो. पशुवैद्यकीय डॉक्टरबरोबर कुणी लिहीत नसे. मी मूळची साताऱ्याची. मला कुणी हसलं की ते काम मी करतेच, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव आहे आणि त्यानं माझं फारसं वाईट झालेलं नाही.

हे डॉक्टर मेढ्याकडचे, नोकरीला आष्ट्याच्या सरकारी दवाखान्यात. आमची ओळख झाली ती ते पेशंट म्हणून आले तेव्हा. ताप येत होता, जात होता, रात्री अंथरूण घामानं भिजत होतं आणि कंबर धरली होती. दोन ठिकाणी टायफॉइडचं औषध घेऊन झालं होतं. माझ्यासमोर बसून ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा ताप मला एका मेंढीनं दिलाय. अडली होती, मी हात घालून कोकरू ओढलं. तुम्ही ब्रुसेला बघा." मी बघितलं. निघाला. आमच्या प्रयोगशाळेत त्या जंतूची तपासणी तोवर कुणी मागितलीच नव्हती, कारण हा जनावरांचा रोग, माणसांच्या दवाखान्यात त्याचं काय काम, अशी समजूत होती.

बरे झाल्यावर ते पुन्हा आले, या वेळी प्रश्न घेऊन. मेंढी गाभडते, कोकरू वेळेआधीच पडतं, धनगर तिला मोकळ्या हातांनी सोडवतो, कच्चं दूध पितो, मग मला जे झालं ते त्यांना किती जणांना होत असेल? हा ताप असा लबाड आहे की माणूस वरून धडधाकट दिसतो. खातो-पितो, चेहऱ्यावर काही नाही, फक्त उठवत नाही. साधा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत कुणाकडेच नव्हतं. मला झोप लागेना इतका तो प्रश्न आवडला.

जतच्या पुढच्या कोरड्या भागातले धनगर पावसाळा आपल्या गावी काढतात आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात. आष्ट्याच्या आसपासचे शेतकरी त्यांची मेंढरं मोकळ्या रानात बसवून घेतात, रानाला खत मिळतं, धनगराला धान्य. बऱ्याच घरांनी तोवर थोडीफार शेतीही धरली होती. त्यामुळे घरातला एक भाऊ मेंढरांमागे जायचा, एक गावी ज्वारी बघायचा. आम्ही असं ठरवलं की त्याच माणसांचं रक्त दोनदा घ्यायचं. एकदा पावसाळ्यात गावी, आणि दुसऱ्यांदा थंडीत, मेंढ्यांची वीण उरकल्यावर, आष्ट्याच्या रानात. दोन्ही रक्तं शेजारी ठेवली की रोग वाढतोय की उतरतोय ते कळतं.

गावी पहिलं रक्त मीच घेतलं. एका म्हाताऱ्या बाईनं मला आधी सरळ विचारलं, "रगत तुमी नेणार, मग आमास्नी काय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तुमचा रक्तगट सांगते, प्रत्येकाला कार्ड देते. ट्रकवर, फौजेत गेलेली गावातली पोरं तसली कार्डं खिशात बाळगायची, त्यामुळे कार्डाला मान होता. सौदा पटला. मी तिथल्या तिथे काचपट्टीवर थेंब घेऊन सगळ्यांचे गट काढले आणि कार्डं नंतर छान करून पाठवते असं कबूल केलं.

दुसरं रक्त घेताना माझ्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून ते काम डॉक्टरांनी केलं. रानात जाऊन नावं पुकारायची, रक्त घ्यायचं, नळ्या बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायच्या आणि थर्मास सांगलीच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचा. मी स्टँडवर उभी. कंडक्टर खाली उतरून ओरडायचा, "रगतवाल्या बाई कोन हायत?" सगळा फलाट माझ्याकडे बघायचा. मला त्याची गंमतच वाटायची. आमच्या कामाची ती वाहतूक व्यवस्था होती आणि तिनं एकदाही दगा दिला नाही.

पावसाळ्यातलं रक्त मी राखून ठेवलं होतं, ते आणि थंडीतलं एकदमच तपासलं आणि मी चकित झाले. पावसाळ्यात ज्यांच्या रक्तात रोगाची खूण जोरात दिसली होती, त्यांतल्या बऱ्याच जणांचं थंडीतलं रक्त स्वच्छ निघालं. औषधाची एक गोळी पोटात गेलेली नसताना. म्हणजे हा ताप धनगरांमध्ये आपोआप बरा होतो? मी पुण्याच्या एका संस्थेतल्या सरांना कळवलं. आमच्या तपासण्या ते तिकडे पडताळून द्यायचे, शब्दाचे पक्के आणि कामाला कडक माणूस. त्यांनाही निकाल तसेच मिळाले. ते फोनवर इतके खूश मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. हे असं कुणी लिहिलेलं नाही, परदेशी मासिकाकडे पाठवू या, आणि पहिलं नाव तुमचं, असं म्हणाले. दुसरं आष्ट्याच्या डॉक्टरांचं, तिसरं त्यांचं. विभागप्रमुखांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पुण्यापुढे त्यांचं चाललं नाही.

थंडीतल्या तपासणीच्या निकालाच्या चिठ्ठ्याही आम्ही धनगरांना दिल्या. ज्यांचं रक्त स्वच्छ, त्यांच्या चिठ्ठीवर 'रक्तात दोष नाही' असं मी स्वतः लिहिलं होतं.

पेपर होळीच्या सुमारास पाठवला. पावसाळा सरताना उत्तर आलं की किरकोळ दुरुस्त्या करून छापतो. त्याच महिन्यात आमच्याकडे वरच्या पदाची जागा निघाली होती. माझे लहान-मोठे पेपर होते, पण पहिलं नाव माझं आणि बाहेरच्या देशातलं मासिक, असा एकही नव्हता. आता होता. ती जागा माझ्याखेरीज कुणाची नाही, असं मला वाटत होतं आणि तसं मी लपवतही नव्हते. विभागात पेढे वाटले. म्हशीची नाडी म्हणणाऱ्यानं दोन उचलले.

त्या आनंदात मला कार्डांची आठवण झाली. शब्द दिला होता, तो पाळायचा होता. विश्रामबागेतल्या झेरॉक्सवाल्याकडे तेव्हा नुकतंच लॅमिनेशनचं मशीन आलं होतं. पण कार्डावर चुकीचा गट गेला तर माणूस जिवाला मुकतो, म्हणून मी गट दोनदा पडताळल्याशिवाय लिहून देत नसे. थंडीतल्या रक्ताचं पाणी, म्हणजे गुठळीवर सुटणारं पिवळं सीरम, आमच्या फ्रीजरमध्ये होतं. नुसत्या पाण्यावरूनही गट काढता येतो, उलट्या बाजूनं, ठाऊक असलेल्या पेशी त्यात टाकून. दुपारी निवांत होते, म्हणून काढायला बसले.

पहिलाच जुळला नाही. पावसाळ्यात बी, थंडीत ओ. नळी बदलली असेल म्हणून मी तो पुन्हा केला, पुन्हा ओ. पुढचा जुळला, त्याच्या पुढचा नाही. संध्याकाळपर्यंत मी सगळे संपवले. माणसाचा ताप उतरू शकतो, रक्तगट उतरत नाही. आणि ज्यांचे गट जुळत नव्हते, ती जवळपास सगळी तीच माणसं होती जी माझ्या पेपरात आपोआप बरी झाली होती.

मी डॉक्टरांना बोलावून घेतलं. त्यांनी निकाल पाहिले आणि कानशिलं तापल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "मॅडम, मी नाव पुकारलं, माणूस उभा राहिला, हात पुढं केला. मी त्याच्याकडं रेशनकार्ड मागायचं का?" मी म्हटलं, नाही, मीही मागितलं नसतं. आणि ते खरं होतं. पण कुठेतरी पाणी मुरत होतं आणि ते कुठे हे सांगलीत बसून कळणार नव्हतं. धनगर अजून गावी होते. आम्ही दुसऱ्या दिवशी जतची एसटी धरली.

ज्याचा गट मी सगळ्यात आधी काढला होता त्याच्याच घरी आधी गेलो. घराचा धाकटा मुलगा तो. पेपरात तो आमचा नमुनेदार माणूस होता, पावसाळ्यात खूण सगळ्यात जास्त, थंडीत काहीच नाही. तो पडवीत घोंगड्यावर पडलेला होता. आम्हाला बघून उठायला लागला आणि अर्ध्यावर कंबर धरून थांबला. त्याचे वडील अंगणात दोरी वळत बसले होते. ते आमच्याकडे न बघताच म्हणाले, "उठवू नगा त्याला. सायेब हाय त्यो आमचा. वरीस झालं निजलाय. तुमीच लिवून दिलंय न्हवं, रगतात कायबी दोष न्हाई म्हनून."

चिठ्ठी घरात आली होती. माझ्या अक्षरातली. गावच्या मास्तरांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली होती आणि त्या दिवसापासून हा माणूस घरात कामचुकार ठरला होता. त्याची बायको दाराशी उभी होती, पदराचा काठ दातात धरून, एक शब्द न बोलता. मला इतकी लाज वाटली की आत जाऊन पाणी मागावं असंही वाटेना.

थोरला भाऊ रानातून आला तेव्हा मी त्याला विचारलं, आष्ट्याला थंडीत रक्त कुणी दिलं? तो म्हणाला, "म्या दिलं की." इतक्या सहज, जसं काही मी सूर्य कुठं उगवतो ते विचारलं होतं. नाव तर धाकट्याचं होतं, मी म्हटलं.

"आवं बाई, ह्यो पडला आजारी. दिवाळी झाली, मेंढरं तर न्हेली पायजेत. मग मी गेलो ह्याच्या जागंवर. ह्याची रातची राखन माझ्याकडं, ह्याचा वाटा माझ्याकडं, ह्याच्या नावानं कुनी हाळी दिली तर व्हय म्हनायचं माझ्याकडं. समदं केलं. मग सुई तेवढी कशी टाळायची? तुमचं काम अडलं नसतं व्हय?"

त्याच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. त्यांच्यात ती रीतच होती, भावाच्या जागेवर गेलं की भावाचं सगळं अंगावर घ्यायचं. आमच्यावर उपकार म्हणून त्यानं हात पुढे केला होता. डॉक्टर म्हणाले, "गड्या, रगत कसं बदली देता येईल?" त्यावर तो हसला. "येकाच आईचं हाय की."

मी दोरी वळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शेजारीच बसले. माझ्या पेपरात काय लिहिलं होतं ते तेव्हा मला नीट दिसलं. जे आजारी, ते घरी पडले. त्यांच्या जागी गेले ते शेती करणारे, वीण न काढणारे, निरोगी भाऊ. आणि त्या निरोगी भावांचं रक्त बघून मी जगाला सांगायला निघाले होते की हा ताप आपोआप जातो. ते छापून आलं असतं तर तालुक्याच्या एखाद्या डॉक्टरनं वाचलं असतं आणि अशाच कुणाला तरी म्हटलं असतं, घरी जा, उतरेल. मला राग आला. थोरल्याचा नाही, डॉक्टरांचा नाही. स्वतःवर खूश होऊन मी वाटलेल्या पेढ्यांचा आला.

धाकट्याचं रक्त मी तिथेच घेतलं. त्यानं विचारलं, "आता काय निघंल?" मी म्हटलं, जे असेल ते, पण तुझं निघेल.

इतर घरांतही हीच कथा निघाली, कुठे भाऊ, कुठे चुलतभाऊ. सांगलीला उतरल्यावर मी थर्मास घेऊन थेट प्रयोगशाळेत गेले, तपासणी लावली आणि एसटीडी बूथवरून पुण्याच्या सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जुळत नाहीत तेवढी नावं काढून टाकू. बाकीच्यांवर पेपर उभा राहील."

"सर, गट जुळले म्हणजे माणूस तोच, असं नाही. दोघां भावांचा गट एकच असू शकतो. उरलेल्यांत कोण कोणाच्या जागेवर आहे, ते मला सांगता येणार नाही."

"मुलाखत कधी आहे तुमची?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि तरी?"

"पेपर खोटा आहे, सर. परत घ्यायचा."

सर म्हणाले, पत्र तुम्ही लिहा, सही मी करतो. या एका वाक्यासाठी मी त्यांना आयुष्यभर मानलं. आष्ट्याच्या डॉक्टरांनी तर पत्र वाचायच्या आधीच सही केली. एवढी वर्षं मी निरनिराळ्या लोकांबरोबर काम केलं, मोठ्या संस्थांबरोबर केलं, परदेशी लोकांबरोबर केलं. पण कुणाबरोबर काम करावं याची माझी परीक्षा तेव्हापासून एकच आहे. आपला लाडका निष्कर्ष चुकला तर हा माणूस सही करेल का, एवढंच मी बघते.

मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं, परदेशी मासिकातल्या त्या पेपरचं काय झालं? मी म्हटलं, परत घेतला. का? चूक होती म्हणून. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला पुढचा प्रश्न विचारला नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. घरी येऊन मी रडले, भांडी आपटली, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. विभागात कुणी काही बोललं नाही, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

पुढे आम्ही तेच काम पुन्हा केलं, आणि या वेळी भावांनीच आम्हाला वाट दाखवली होती. एकाच घरातले दोन भाऊ, एक मेंढरांमागचा, एक शेतीवरचा. जेवण एक, दूध एक, आई एक. दोघांचं रक्त शेजारी ठेवलं तर कच्च्या दुधानं किती होतं आणि वीण काढणाऱ्या हातांनी किती, हे वेगळं करता येतं. असा आखलेला अभ्यास मी कुठं वाचला नव्हता, मला तो त्या अंगणात बसल्याबसल्या सुचला. रक्त घेताना आम्ही दोघा भावांना शेजारी बसवायचो. तो पेपर छापून आला. आमची तीन नावं, त्याच क्रमानं. वरची जागाही मला नंतर मिळाली, उशिरा, पण कुणाच्या मेहेरबानीनं नाही. माझ्या सगळ्या कामात तो पेपर मला सगळ्यात चांगला वाटतो. अजूनही कुणी त्याचा आधार घेतलेला दिसला की मी दिवसभर खुशीत असते.

पण हे सगळं नंतरचं. जतहून आणलेल्या त्या रक्ताचा निकाल आला तेव्हा पत्र अजून टपालातही पडलं नव्हतं. धाकट्याच्या रक्तात रोगाची खूण जोरात होती, आदल्या पावसाळ्यापेक्षाही जास्त. चिठ्ठी कुणाबरोबर पाठवायची नाही असं मी ठरवलं. औषधं घेऊन डॉक्टर आणि मी पुन्हा त्या गावी गेलो.

घरातली माणसं पडवीत जमली. म्हातारे खांबाला टेकून दोरी वळत बसले होते, थोरला उंबऱ्यावर. धाकटा घोंगड्यावरच होता. मी सांगितलं की मागची चिठ्ठी याच्या रक्ताची नव्हती. हे रक्त याचं आहे, आणि याला रोग आहे. मेंढ्यांपासून आलेला, कंबरेत बसलेला. गोळ्या आणि इंजेक्शनं घेतली तर बरा होईल, पण आठवडे लागतील, मधे सोडायचं नाही. थोरल्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

मग दारातून धाकट्याची बायको बोलली. आदल्या खेपेला तिनं तोंड उघडलं नव्हतं, म्हणून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"बाई, येवढं परत सांगा. मामास्नी ऐकू जाईल असं."

सासऱ्यांना चांगलं ऐकू येत होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. मी उठले आणि म्हाताऱ्यांच्या समोर जाऊन बसले. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तुमचा धाकटा आजारी आहे. वर्षभर आजारी आहे. तो कामाला भ्यायलेला नाही."

म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर खाली घेतली आणि हातातली दोरी बाजूला ठेवली. धाकट्यानं घोंगडं तोंडावर ओढून घेतलं. तो आत रडत होता हे सगळ्यांना कळत होतं. त्याला ऊठ असं कुणी म्हटलं नाही.